भुसा पडतो की ढलपी?

उन्हाळा सरता सरता नागपुरात वादळी वारे सुटतात. रामदासपेठ, धंतोली अशा जुन्या वस्त्यांत एखादे मोठे झाड रस्त्यावर आडवे होते. वाहने खोळंबतात, तारा तुटतात. मग चेनसॉ घेऊन कामगार येतात. यंत्र घरघरत असते, पण फांदी काही लवकर तुटत नाही. बघे म्हणतात, ‘यंत्रात दम नाही.’ बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसतो, साखळीचा असतो.

अठरा इंची यंत्राच्या साखळीवर साधारण तीस-पस्तीस दाते असतात. एक डावा, एक उजवा असे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये लाकूडतोड करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी न्याहाळली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालतात आणि ती उभे-आडवे कसेही लाकूड सहज पोखरते. त्यावरून त्यांनी साखळीचा जो दाता घडवला, त्याच घाटाचे दाते आजही वापरात आहेत.

या दात्याचे दोन भाग असतात. मागे धारेचे पाते आणि पुढे एक बोथट उंचवटा. या उंचवट्याला डेप्थ गेज म्हणतात. तो धारेपेक्षा किंचित खाली असतो. सुताराचा रंधा आठवा. रंध्याचे पाते तळातून जितके बाहेर, तितकी ढलपी जाड. इथेही तसेच आहे. धार आणि उंचवटा यांच्यातले अंतर ठरवते, की दात्याने एका घासात किती लाकूड घ्यायचे. नेहमीच्या वापरातल्या अनेक साखळ्यांत हे अंतर सुमारे ०.६५ मिलिमीटर असते. एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी!

आता गंमत पाहा. पात्याचा माथा मागे उतरता असतो. कानस मारून धार मागे सरकली, की तिची उंचीही घटते. उंचवटा मात्र होता तिथेच राहतो. त्यामुळे चार-पाच वेळा धार लावल्यावर दाता वस्तऱ्यासारखा तीक्ष्ण असतो, पण लाकडात उतरतच नाही. ‘धार लावली, तरी कापत नाही,’ ही तक्रार इथून येते. अशा वेळी मापपट्टी ठेवून, चपट्या कानशीने उंचवटा तेवढाच खाली घ्यायचा असतो.

काही जण मात्र वेग हवा म्हणून तो अंदाजाने भरपूर घासतात. मग दाता झेपेल त्याहून मोठा घास घेतो. साखळी लाकडात अडकते, इंजिन दबते, हाताला हादरे बसतात आणि पात्याचे टोक लाकडाला लागले तर यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. घाईत वाचलेली दोन मिनिटे त्याला फार महाग पडू शकतात.

धार कमी झाली, हे ओळखायचे कसे? खाली काय पडते ते पाहा. जाडसर ढलप्या पडल्या तर साखळी ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, यंत्र दाबावे लागले, धूर आला, तर थांबा. काप एका बाजूला वळत असेल, तर डावे-उजवे दाते सारखे राहिलेले नाहीत. शहरातल्या झाडांत पाट्यांसाठी ठोकलेले खिळे दडलेले असतात; एका खिळ्याने धार जाते. आपल्या विदर्भातल्या सागातही वाळूतली सिलिका असते, तीही धार खाते.

धार लावताना इंजिन बंद हवे, हातात मोजे हवेत. साखळीच्या मापाची गोल कानस घ्या. बहुतेक साखळ्यांना तीस अंशांचा कोन चालतो, तरी यंत्राची पुस्तिका पाहा. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने चालवा. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग दुसऱ्या बाजूचे. प्रत्येकाला सारखेच हात.

यंत्र विकत घेताना आपण इंजिन पाहतो. दोन कानशी आणि एक मापपट्टी यांचा खर्च त्यापुढे नगण्य आहे. जे कंत्राटदार कामगारांना यंत्र देतात, त्यांनी ही सामग्री आणि धार लावायला वेळ, दोन्ही द्यावे. पावसात, गर्दीत, तुटक्या फांद्यांखाली उभ्या असलेल्या त्या माणसाला यंत्र दाबावे लागू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)