देणगी हवी, अट तपासून





दानाविषयी बोलायला साताऱ्यासारखी जागा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मुष्टिफंडात घरोघरच्या बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य घातले. पुढे संस्थेच्या शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी चालून आली, ती कर्मवीरांनी परतवली, ही आठवण इथे आजही सांगतात.

मोठ्या पैशाची ताकद मी नाकारत नाही. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाने मुंबईत कर्करोग रुग्णालय उभे केले. आज देशभरातले रुग्ण तिथे धाव घेतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले.

पण त्याच कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य आहे. मग जिथे कारखाना नाही, त्या डोंगरातल्या वाडीने कुणाकडे बघायचे? विदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेला विदेशी निधी दुसरीला देता येत नाही. लहान संस्थांची वाटच बंद झाली. शिवाय रुग्णवाहिकेची चावी देताना फोटो निघतो, चालकाच्या पगाराचा विषय निघाला की सगळे गप्प! प्रस्ताव वर्षाचा, अहवाल तिमाहीचा आणि कुपोषणाचे काम मात्र दहा वर्षांचे. गावाची गरज काय, हे गावाला न विचारताच मुंबईच्या बैठकीत ठरते.

म्हणून देणगीदार मित्रांना आमची विनंती आहे: निदान तीन वर्षांची हमी द्या, कार्यकर्त्यांच्या पगाराला हात आखडू नका आणि निर्णयाच्या बैठकीला गावकऱ्यांना बोलवा. संस्थांनीही आपल्या जमाखर्चाचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. दोन्ही बाजूंनी इथे मोकळेपणाने भांडावे, जेवायला मात्र एकाच पंगतीला बसावे!

मी अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रे स्वीकारण्याची विनंती करतो.