रात्रीचं काम कोण मोजतं?
(नायगाव, जि. नांदेड येथे बचतगटांच्या मेळाव्यातील भाषण)



‘तारे जमीं पर’मध्ये चित्रस्पर्धेला पाहुण्या म्हणून आलेल्या वयस्क बाई आठवतात? त्या ललिता लाजमी. जन्म १९३२चा, २०२३ मध्ये मुंबईत वारल्या. वर्तमानपत्रं लिहायची, ‘गुरुदत्तची बहीण’. पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात त्यांचं काम आहे ते त्यांच्या स्वतःच्या नावावर.

त्या एचिंग करत. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने चित्र ओढायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा. थर निघालेल्या रेघांतच धातू झिजतो. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. रंगीत हवं तर बहुधा रंगागणिक वेगळा पत्रा, आणि रेघेवर रेघ बसलीच पाहिजे. शेजारच्या बिदरचं बिदरी काम तुम्ही पाहिलंय. तिथेही जस्त आणि कोरणं आहेच; फक्त खाचेत चांदी बसते.

लाजमींचं पहिलं चित्र शंभर रुपयांना गेलं. त्यावर घर चालेना, म्हणून वीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सत्तरच्या दशकात, चाळिशीत, जे. जे. स्कूलच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन हे तंत्र शिकल्या. छापाईचं काम घरी स्वयंपाकघरात, रात्री, सगळं आवरल्यावर.

‘बघा, घर सांभाळून कला जपली,’ असं कौतुकानं सांगतात. मला त्याचा राग येतो. सांभाळून म्हणजे झोप मोडून! घरातल्या इतरांच्या कामाला दिवस मिळतो, बाईच्या कामाला उरलेली रात्र.

या चित्रांची एक रीत मला फार आवडते. एका पत्र्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने आकडा घालतात, वीसपैकी चौथी, असा. आणि शेजारी करणारीची सही.

आपल्या गोधडीवर काय असतं? सर्वेक्षणाच्या फॉर्मवर तिच्या ‘व्यवसाया’पुढे मी कितीदा ‘घरकाम’ लिहिलेलं वाचलंय. विकताना आपण कापड मोजतो, दोरा मोजतो, प्रवासाचं भाडंसुद्धा धरतो. रात्री धरत नाही. तेव्हा आता विक्रीला जाणाऱ्या गोधड्यांच्या कोपऱ्यात शिवणारीनं नाव घालावं, आणि किती रात्री लागल्या ते वहीत मांडावं. भाव त्यावरून ठरवू. वही कुणाकडे आहे?