औंधात आपले स्वागत असो



सत्तेच्या नीतीवर विचार करायला आपण यमाईदेवीच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव निवडलेत, याचा आम्हा औंधकरांना अभिमान वाटतो. श्रीभवानी संग्रहालय पाहिल्याशिवाय कोणी परत जाऊ नये. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत आणि, खेड्यात खरे वाटणार नाही, पण हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्पही आहे. निवांत वेळ काढा, धावतपळत ते होत नाही. हे वैभव जमवणारे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रसिक होते, उदारही होते. किर्लोस्करवाडीला १९१० साली जागा त्यांनीच दिली. परंतु उदार राजे इतरत्रही झाले, आणि राजाची उदारता अखेर त्याच्या मर्जीवरच चालते. ती पुढच्या राजात उतरेलच असे नाही. म्हणून बाळासाहेबांचे मोठेपण मी संस्थानच्या १९३९ च्या राज्यघटनेत पाहतो. गांधीजींचा सल्ला घेऊन त्यांनी कारभार लोकांनी निवडलेल्या पंचायतींकडे सोपवला, म्हणजे स्वतःच्या मर्जीलाच आवर घातला. या कामी राजपुत्र अप्पासाहेबांबरोबर झटलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन आज कितीजणांना आठवतात? आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या कैद्यांसाठीच्या खुल्या वसाहतीमागेही तेच होते.

कोणी म्हणेल, संस्थान जेमतेम बहात्तर गावांचे, डोक्यावर इंग्रज. सोडण्यासारखे होतेच काय? पण याहून लहान संस्थानिकही आपला हुकूम सोडायला तयार नव्हते. सत्ता थोडी असली म्हणजे तिचा मोह थोडा असतो, असे नाही. दुसरा आक्षेप जड आहे. मताचा अधिकार साक्षरांपुरताच होता. साक्षरतेचा प्रसार हा त्यामागचा हेतू असेल, पण ज्यांच्यापर्यंत शाळाच पोचली नव्हती त्यांना, त्यातही बायकांना आणि दलितांना, निरक्षर म्हणून बाहेर ठेवणे न्यायाचे नव्हते. हे झाकून औंधचा गौरव करू नये. त्या प्रयोगाला पुरती दहा वर्षेही मिळाली नाहीत. १९४८ साली संस्थान विलीन झाले.

आता व्यवस्थेविषयी. गाव लहान, लॉज पुरेसे नाहीत, म्हणून बऱ्याच पाहुण्यांची सोय शाळेच्या वर्गांत आणि घरोघरी केली आहे. खटाव तालुक्यातल्या पाण्याची ओढाताण आपण जाणता. आंघोळीला बादली कमी पडली तर रागावू नये. मंडप स्वस्तात देणारे, धान्य आणि दूध पुरवणारे, टँकरचे भाडे न घेणारे, वर्गणी देऊनही फलकावर नाव नको म्हणणारे व्यापारी, आणि पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या बचत गटांच्या भगिनी, या सर्वांचे ऋण स्वागत समितीवर आहे. जेवण साडेबाराला, शाळेच्या मागच्या पटांगणात. ऊन आहे, टोप्या बरोबर ठेवाव्यात.