यंत्राला आधी त्याचे नाव विचारा

(वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी एखाद्या मोठ्या विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र अंगठ्याएवढ्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. बाजारात तिला वाय-फायचे डोंगल म्हणतात. ज्या संगणकात वाय-फायची सोय नसते, त्याच्या यूएसबीच्या खाचेत हे डोंगल बसवावयाचे, म्हणजे इंटरनेट मिळू लागते. किंमत तीनशे रुपयांच्या आसपास. पण एवढ्याशा वस्तूपायी एक मुलगी आपल्या संगणकाला मुकणार होती.

आमच्या वस्तीतील एका टेम्पोचालकाने अकरावीतील मुलीसाठी जुना संगणक विकत घेतला. विंडोज ११ त्या यंत्राला पेलणारे नव्हते आणि विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली. म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट बसवून दिले. हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, लिनक्सचा पाया घातला. आज जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात, आणि ते वापरावयास पैसे पडत नाहीत.

वडिलांनी डोंगल आणले. मुलीने ते लावले. काहीच झाले नाही. दुकानदार म्हणाला, "लिनक्स काढून टाका." शेजारी म्हणाले, "पोरीने काहीतरी बिघडवले." मी स्वतः, न पाहताच, "दुसरे डोंगल घ्या," असे सांगून मोकळा झालो. शेवटी एके संध्याकाळी ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, अब्बा संगणक विकायला निघालेत. मी काही बिघडवलं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होते. मला माझीच लाज वाटली. मी तिच्याबरोबर गेलो.

पालकहो, येथे नीट लक्ष द्यावे. डोंगलच्या खोक्यावरचे नाव हे दुकानाचे नाव असते. काम करते ती आतील चिप. नाव तेच राहून चिप बदलू शकते. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन ७२२ एन या प्रसिद्ध डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली. त्यामुळे "माझ्या भावाकडे हेच चालते" या सांगण्याला फारसा अर्थ नाही. नाव विचारावयाचे ते यंत्रालाच.

आम्ही टर्मिनल उघडले आणि एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे छोट्या लिपीत टाइप केली. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी समोर आली. त्यात रिअलटेकची एक ओळ होती आणि शेवटी कंसात इंग्रजीत लिहिलेले होते : "ड्रायव्हर सीडी-रॉम मोड". बघा! यंत्र आठ दिवस उत्तर हातात घेऊन बसले होते. विचारणारे कोणी नव्हते.

अर्थ असा. विंडोजवाल्यांच्या सोयीसाठी उत्पादकाने ड्रायव्हर डोंगलमध्येच भरून ठेवलेला असतो. म्हणून लावल्याबरोबर ते डोंगल सीडीचे सोंग घेते. ती सीडी 'बाहेर काढली' की सोंग उतरते. काही वेळा हे आपोआप होते. आमच्याकडे झाले नाही. मुलीने फाइलींच्या खिडकीत त्या सीडीसमोरचे इजेक्टचे चिन्ह दाबले. पुन्हा यादी मागविली, तर ओळ बदललेली, क्रमांकही बदललेला. तो क्रमांक मोबाइलवर शोधला तेव्हा चिपचे खरे नाव कळले : आरटीएल ८८११ सीयू.

तरीही वाय-फाय आले नाही. आता दुसरा प्रश्न विचारला : लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कितवा? 'यूनेम', मग जागा सोडून उणे चिन्ह आणि 'आर', असे लिहिल्यावर उत्तर आले ५.१५. या कुळातील यूएसबी चिपांचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला तो ६.२ पासून, फेब्रुवारी २०२३ मध्ये. माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर २०२२ ची मिंट २१ होती, तीच मी बसविली होती. म्हणजे दोष मुलीचा नव्हता, डोंगलचाही नव्हता. दोष माझा होता. तो मी तिच्या वडिलांसमोर कबूल केला.

नवा कर्नल आणण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी नवा कर्नल हवा, असा पेच पडला. तो वडिलांच्या मोबाइलने सोडविला. मोबाइल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले. लिनक्सने ते लगेच ओळखले. अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' यादीतून ६.८ चा कर्नल बसविला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, सीडी बाहेर काढली, आणि पडद्यावर गल्लीतील वाय-फायची नावे उमटली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून मुलीला बसावयास दिली.

विद्यार्थी मित्रांनो, यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. डोंगल घेण्यापूर्वी चिपचे नाव विचारा, आणि ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये चालते की नाही ते पाहा. बाहेरून उतरविलेला ड्रायव्हर आज चालला तरी कर्नल बदलताच बंद पडू शकतो. आणि कोणी लिहिलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय टाइप करू नका, विशेषतः 'सुडो' ने सुरू होणारी. तिच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या असतात.

पालकांना एकच विनंती. घरातील यंत्र अडले की प्रथम मुलाकडे किंवा मुलीकडे बोट दाखवू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "यंत्र काय म्हणते ते वाच पाहू." आपणांस इंग्रजी येत नसले तरी चालेल, बसणे महत्त्वाचे.

त्या मुलीला दर वेळी सीडी काढण्याचा कंटाळा आला. पुढच्या आठवड्यात तिने स्वतः वाचून, नियमाची एक ओळ लिहून, ते काम यंत्रावरच सोपविले. ती ओळ मला लिहिता येत नव्हती. मी ती तिच्याकडून उतरवून घेतली आहे.