चॅप्सवरची शिलाई

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'अमेरिकेतले अनुभव' या विषयावर बोल म्हणून सांगितलं होतं. पण आयटीतल्या माणसाचे अनुभव पुण्यात काय आणि डेन्व्हरमध्ये काय, सारखेच: मीटिंग, डेडलाइन आणि गार झालेला डबा. त्यापेक्षा मी त्या मागच्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूबद्दल सांगते. आल्यापासून तिघांनी विचारलंय, "हे घोड्याचं आहे का?"

घोड्याचं नाही, घोड्यावर बसणाऱ्याचं आहे. त्याला चॅप्स म्हणतात. आमच्या सासरी उच्चार 'शॅप्स'. पँटवर चढवायची चामड्याची आवरणं, मागून उघडी, कमरेला पट्टा. काटेरी झुडपांतून गुरांमागे घोडा घालताना मांड्या सोलवटू नयेत म्हणून. मूळ शब्द मेक्सिकोतला, 'चापारेरास'. सिनेमातल्या काउबॉयचं बरंचसं सामान आणि 'लॅसो', 'रोडिओ' हे शब्दसुद्धा मेक्सिकन गुराख्यांकडून आलेत, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

माझे सासरे पूर्व कोलोरॅडोतले, गुरं पाळणारे. वय झालं म्हणून त्यांनी रँच विकलं, तेव्हा एका ट्रंकेतून या चॅप्स काढून माझ्या हातात दिल्या. सोबत घरातली गोष्ट दिली: त्यांचे आजोबा 1880च्या दशकात, सोळाव्या वर्षी, टेक्सासहून गुरांचा कळप हाकत उत्तरेला आले ते या चॅप्स घालून. ही गोष्ट मी दर थँक्सगिव्हिंगला ऐकलेली. त्यांना वाटलं, सून कॉम्प्युटरवाली आहे, हिनं ती नीट लिहून काढावी.

लिहायला बसले आणि पहिल्याच आठवड्यात अडले. कळप हाकण्याच्या त्या काळात वापरात होत्या त्या 'शॉटगन' चॅप्स, बंदुकीच्या नळ्यांसारख्या सरळ, पायजम्यासारख्या पायांत घालायच्या. आमच्या 'बॅटविंग', म्हणजे वटवाघळाच्या पंखांसारख्या पसरट, बाजूला कड्या लावून बंद करायच्या. हा प्रकार रूढ झाला विसावं शतक उजाडण्याच्या सुमारास. तोवर काटेरी तारेनं माळरानं बंदिस्त झाली होती, 1886-87च्या हिवाळ्यात लाखो गुरं गारठून मेली होती, लांबचे कळप थांबले होते. पट्ट्यावर डेन्व्हरच्या हायझर या खोगीरवाल्यांचा शिक्का होता. हे जर्मनीहून आलेलं घराणं 1870च्या दशकापासून डेन्व्हरमध्ये होतं, त्यामुळे शिक्का गोष्टीच्या बाजूनं बोलत होता. पण बकलाच्या मागे पेटंटचं वर्ष कोरलेलं होतं, ते विसाव्या शतकातलं. बकल नंतर बदललंही असेल, म्हणून टाके पाहिले. ते मूळचेच होते.

मग जनगणना. अमेरिकेच्या 1890च्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921च्या आगीत गेले. 1900च्या यादीत आजोबा सापडले. व्यवसाय: मेंढपाळ! काउबॉयच्या घराण्यात हे किती नाजूक प्रकरण आहे, ते तुम्हाला इथं बसून कळायचं नाही. मेंढ्यांवरून तिकडे माणसं मेली आहेत.

सासऱ्यांना हे सांगायचं की नाही, यावर नवऱ्याचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणाला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाचा आजोबा कशाला हिरावून घेतेस? मी गप्प बसले, पण प्रश्न राहिलाच: मग या कुणाच्या?

इथं आपल्या वर्गातला एकजण गोष्टीत येतो. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेऊ नको म्हणालाय. त्याच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी चपला होतात. त्याच्या घरी कातड्याचा वास येतो म्हणून दहा वर्षांत आम्ही कुणी एकदाही गेलो नाही. मीही नाही, आणि मला तर त्यानं बोलावलं होतं. एवढ्या वर्षांनी मी त्याला व्हिडिओ कॉल केला तो कामासाठी, हेही सांगून टाकते.

त्यानं अर्धा तास मला चॅप्स उलट्यासुलट्या करायला लावल्या. म्हणाला, "चामडं सालीत कमावलेलं आहे, आमच्यासारखंच. कडेची शिलाई मशीनची. पण उजव्या गुडघ्यावरचं ठिगळ बघ. ती आरीची शिलाई नाही, दाभणाची आहे. दोरा पोतं शिवायचा आहे. हे कारागिराचं काम नव्हे, घरातल्या कुणीतरी केलंय." मग म्हणाला, "पट्ट्याचं कुठलं भोक ताणलंय ते मोज."

मोजलं. सव्वीस इंच. आणि पायांची लांबी माझ्यापेक्षाही कमी.

हे मात्र मी सासऱ्यांना सांगितलं. ते बराच वेळ त्या ठिगळावर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, खाद्याची रिकामी पोती आई शिवायची. आई त्यांना आठवते ती स्वयंपाकघरात आणि कोंबड्यांच्या मागे. घोड्यावर त्यांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

कोलोरॅडोची जुनी वर्तमानपत्रं आता ऑनलाइन आहेत. आईचं माहेरचं नाव टाकून शोधलं. 1920च्या दशकातल्या एका जत्रेच्या बातमीत, घोडेस्वारीच्या यादीत ते नाव होतं. एक ओळ, बस्स. त्या काळी रोडिओत बायका बिथरलेल्या घोड्यांवरही बसत. 1929 साली पेंडलटनला बॉनी मॅकॅरॉल घोड्याखाली सापडून मेली, आणि हळूहळू बायकांचे ते खेळ बंद पडत गेले. सासूबाईंच्या सासूबाई त्यामुळे थांबल्या की लग्नामुळे, ते कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी चॅप्स मात्र टाकल्या नाहीत.

मेंढ्यांचंही शेवटी मी सांगितलं. सासरे हसले आणि म्हणाले, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

ट्रंकेला बांधलेल्या चिठ्ठीवर आजोबांचं नाव होतं. ते त्यांनी खोडलं नाही. खाली आईचं लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

चहाच्या वेळी चॅप्स हातात घेऊन जरूर बघा. फक्त ओल्या हातानं नको, आणि कृपा करून कुणी खोबरेल लावायला सुचवू नका. कस्टमवाल्यांनीही तेच सुचवलं होतं. ठिगळ बघायचं असेल तर तिसऱ्या रांगेतल्या माणसाला विचारा. माझ्यापेक्षा तो नीट दाखवेल.