व्यसनमुक्तीची वाट आणि स्त्री

'व्यसनी' हा शब्द उच्चारला, म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे झोकांड्या खात घरी येणारा पुरुष उभा राहतो. त्या चित्रात स्त्री असलीच, तर ती उंबऱ्याच्या आत, पदराने डोळे पुसत बसलेली असते. गेल्या अर्धशतकाने या चित्रात आणखी एका स्त्रीची भर घातली. मणिपुरात १९७० नंतरच्या दशकात मशाली घेऊन रात्री दारूड्यांच्या वाटा रोखणाऱ्या मैतेई स्त्रिया, १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यात दारूच्या लिलावाविरुद्ध उठलेल्या खेड्यापाड्यांतील बाया, यांचा गौरव आपण केला आणि तो यथार्थच आहे. परंतु दारूने पिडलेली स्त्री आणि दारूशी झगडणारी स्त्री यांखेरीज एक तिसरी स्त्री आहे. ती स्वतःच व्यसनाने ग्रासलेली आहे आणि तिला बरे व्हावयाचे आहे. तिच्यासाठी आपल्यापाशी चित्र नाही, आणि चित्र नाही म्हणून खाटही नाही.

संख्या पाहू गेल्यास हा प्रश्न किरकोळ भासेल. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने करविलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मद्यसेवन करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे अवघे १.६ टक्के आढळले. भारतासारख्या देशात दीड टक्का म्हणजे कित्येक लक्ष माणसे, हे एक. दुसरे असे, की सरकारी कागदांशी ज्याचा नित्य संबंध येतो त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: रकान्यातला आकडा हा विचारलेल्या प्रश्नाचा नव्हे, तर मिळालेल्या उत्तराचा असतो. पाहणी करणारा दारी आला असता, सासूच्या देखत, कोणती सून 'होय, मी घेते' असे सांगेल?

शिवाय व्यसन म्हणजे केवळ मद्य नव्हे. झोपेच्या गोळ्या औषधाच्या मिषाने घरात येतात आणि औषधाच्याच डब्यात राहतात. मिश्रीची गोष्ट तर याहून साधी. भाजलेला तंबाखू दात घासण्याच्या निमित्ताने सकाळी हिरड्यांना लागतो, मग दुपारी, मग रात्री निजतानाही. 'ती लावल्यावाचून पोट साफ होत नाही' हे समर्थन आईकडून लेकीकडे जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे प्रमाण १२.८ टक्के निघाले. गर्भवतीने तो सेवन केला असता मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. तरीही मिश्री लावणाऱ्या बाईला आपण व्यसनी म्हणत नाही. तिला नाव ठेवले जात नाही हे खरे. पण उपचारही सुचविला जात नाही.

मद्याच्या बाबतीत निसर्गानेही स्त्रीशी कठोर व्यवहार केला आहे. मद्य शरीरातील पाण्यात मिसळते आणि स्त्रीच्या देहात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी. म्हणून तितक्याच पेल्याने तिच्या रक्तातील मद्याचे प्रमाण अधिक चढते. यकृत लवकर बिघडते, आणि पहिल्या घोटापासून पूर्ण परावलंबनापर्यंतचे अंतर ती बहुधा थोड्या वर्षांत काटते. रोग लवकर येतो आणि उपचार उशिरा, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

उपचार पुरुषाच्या मापाने बेतला जाणे हे काही आपल्याच देशाचे वैगुण्य नाही. अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मद्यपींची परस्परसाहाय्य चळवळ १९३५ साली सुरू झाली. १९३९ साली तिचा मूळ ग्रंथ निघाला, तेव्हा त्याला 'शंभर पुरुष' या अर्थाचे नाव देण्याचे घाटत होते. मंडळात एक स्त्री होती. तिने हरकत घेतली, आणि ते नाव मागे पडले. ग्रंथात मात्र 'पत्नींना उद्देशून' असे एक प्रकरण राहिले. पतींना उद्देशून प्रकरण नाही! पिणारा तो आणि सोसणारी ती, हे इतके गृहीत होते.

याच वर्षी मार्टी मॅन नावाची पस्तिशीतील स्त्री या मंडळाच्या बैठकीला गेली. शिकागोच्या सुखवस्तू घरात १९०४ साली जन्मलेली ही बाई रुग्णालयांच्या पायऱ्या झिजवून अखेर कनेटिकट संस्थानातील एका मनोरुग्णालयात येऊन पोहोचली होती. तेथील डॉक्टर हॅरी टीबाउट यांनी त्या ग्रंथाचे हस्तलिखित तिच्या हाती ठेवले, आणि आपण दुर्वर्तनी नसून आजारी आहोत, हा अर्थ तिला प्रथम उमगला. पुढे १९४४ साली तिने मद्यासक्तीविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती स्थापन केली. मद्यासक्ती हा रोग आहे, रोग्याला साहाय्य करता येते आणि तो त्या साहाय्यास पात्र आहे, हे ती स्वतःच्या नावानिशी उघडपणे सांगत हिंडली. त्या काळी एखाद्या स्त्रीने असे सांगावयास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना आपल्याला आजही करता यावी. कारण आपल्याकडे ते अद्याप तितकेच लागते.

१९७५ साली जीन कर्कपॅट्रिक या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने 'विमेन फॉर सोब्रायटी' ही केवळ स्त्रियांची संस्था काढली. ती स्वतः याच व्याधीतून गेलेली होती. पूर्वीच्या पंथात रोग्याने प्रथम आपली हतबलता कबूल करावयाची असते. कर्कपॅट्रिकचे म्हणणे, पुरुषाचा अहंकार मोडावयास हे ठीक. पण जिला उभ्या जन्मात 'तू कोणी नाहीस' असेच ऐकविले गेले, तिला आणखी हतबल करून काय साधणार? तिला आधी स्वतःविषयी आदर परत मिळाला पाहिजे. जुन्या पंथात बऱ्या झालेल्या स्त्रियाही असंख्य आहेत, हे मान्य करूनही मला या म्हणण्यात मोठे तथ्य वाटते.

आपल्याकडची स्थिती थोडी विलक्षण आहे. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, पतीच्या निधनानंतर शांती रंगनाथन यांनी १९८० साली व्यसनोपचाराची संस्था उभारली. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले, त्यामागे डॉक्टर अनिता अवचट यांचे कष्ट होते. म्हणजे या क्षेत्रातील दोन अग्रगण्य संस्था स्त्रियांनी रुजविल्या. पण येणारे रुग्ण प्रायः पुरुष, आणि स्त्रिया त्यांच्या सोबतीला आलेल्या. मुक्तांगणात स्त्री-रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग झाला तो पुष्कळ नंतर. देशातील बहुतेक केंद्रांत तर असा विभाग आजही नाही.

पुरुष दाखल होतो तेव्हा पत्नी डबा घेऊन येते, मुलांना सांभाळते, घर तोलून धरते. स्त्री दाखल व्हावयाची, तर मूल कोणी सांभाळावे? त्याला बरोबर आणण्याची सोय क्वचितच असते. पती येतोच असे नाही. पुष्कळदा पहिला पेला त्यानेच पुढे केलेला असतो. नातेवाइकांत 'ती माहेरी गेली आहे' असे सांगितले जाते, आणि परतल्यावरही तेच खरे धरून चालावे लागते. आपण काय जिंकून आलो, हे तिला कोणालाच सांगता येत नाही.

आणि खरी परीक्षा परतल्यावरच सुरू होते. तिच्या हाती पैसे देताना घरचे क्षणभर थांबतात; स्नानगृहात थोडा वेळ अधिक लागला, तर दाराशी पावले वाजतात. ज्या घरात मार खाऊन ती पिऊ लागली, त्याच घरात न पिता राहावयाचे असते. परदेशी यासाठी मधली घरे असतात. तेथे काही महिने इतर स्त्रियांच्या संगतीत, काम करीत, मुलासह राहता येते. आपल्या योजनांत व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान आहे, २०२० पासून 'नशामुक्त भारत अभियान' आहे. अशा मधल्या घरांचा विचार मात्र फारसा दिसत नाही. तो व्हावयास हवा, आणि केंद्राला अनुदान देतेवेळीच मुलाच्या पाळण्याची जागा आराखड्यात आहे किंवा नाही, हे विचारले जावे.

तूर्त १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे, आणि त्यास पैसे पडत नाहीत. पुरुष तो कोठूनही फिरवू शकतो. स्त्रीला बहुधा घरातूनच बोलावे लागते. घरी कोणी नसताना, दार लावून, हलक्या आवाजात.