पावसाचे घर पाहून आलो



आपल्या देवगाव रंगारीपासून समुद्र किती लांब आहे, असे मी एकदा वर्गात विचारले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, लई लांब. टीव्हीत आहे." वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना ते उत्तर मनात टोचत राहिले. मी मुलांना भूगोल शिकवतो. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर एक पृथ्वी काढतो, एक चंद्र काढतो, दोन बाण मारतो, की झाली भरती! खरी भरती येताना मी तरी कुठे पाहिली होती?

माझा एक बालमित्र आहे. शेती करतो, आले आणि मका ही त्याची पिके. आमची दोन्ही घरे एकमेकांना लागून, आणि मनेही तशीच. मी त्याला म्हटले, "रंगपंचमीची सुट्टी आहे, रविवार जोडून येतो, मी एक किरकोळ रजा टाकतो. पोराबाळांना घेऊन कोकणात जाऊन येऊ." तो तयार झाला. प्रश्न राहिला त्याच्या वडिलांचा. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. एवढा प्रवास झेपेल का, असे आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. ते ओसरीवरून आबांनी ऐकले आणि म्हणाले, "अरे, सारा जन्म पावसाची वाट बघण्यात गेला. तो पाऊस येतो कुठून, ते घर तरी मला एकदा बघू द्या की."

यावर काय बोलणार? आम्ही दोघे, आमच्या घरच्या दोघी, माझा मुलगा, माझी मुलगी, मित्राची मुलगी आणि आबा, असे आठ जण भाड्याच्या गाडीने निघालो. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि आबांच्या पिशवीत त्यांचे नेहमीचे पंचांग. ते पंचांग पाहून मुले हसली. समुद्रावर पंचांग कशाला? त्याचे उत्तर पुढे येईलच.

पुण्यावरून ताम्हिणी घाटात आलो, तेव्हा उजाडत होते. शिक्षक बंधुभगिनींनो, आपण पर्जन्यछायेचा प्रदेश असे एक अवघड नाव मुलांकडून पाठ करून घेतो. त्याचा अर्थ या घाटात आपोआप कळतो. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक ओझे तिकडेच उतरवतात. म्हणून कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि आपल्या भागात सातशेच्या आसपास. आबांनी गाडी थांबवायला लावली. डोंगराकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या वाट्याला येतं ते हिच्या पंगतीतलं उरलेलं." मी वर्गात दोन तास बोलून जे सांगतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

प्रथम आम्ही रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला गेलो. आबांना देवदर्शन हवे होते. देवळामागून पायऱ्या उतरल्या की समुद्राने झिजवलेल्या काळ्या कातळावरून प्रदक्षिणेची वाट जाते. कातळाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडलेली आहेत. वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले, त्याच जातीचा हा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार तयार झाले, आणि हा कातळही त्यातलाच. तिकडे माणसाने छिन्नी चालवली, इकडे लाटांनी.

हे मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. अकरा वाजून गेले होते. कातळातल्या डबक्यांत छोटे खेकडे होते, शंख होते, बोट लावताच मिटणारी फुलासारखी जीवजात होती. मुले एका डबक्यावरून दुसऱ्या डबक्याकडे जात होती आणि आम्ही दोघे मित्र त्यांच्या मागे. आबा मात्र पायरीवरच बसले होते.

एवढ्यात मागून एक हाक आली. कालवे काढून परतणारी एक बाई हातातली टोपली हलवून ओरडत होती, "अहो, मागे फिरा! पाणी भरतंय!" वळून पाहतो तो, आम्ही जी घळ कोरड्या पायांनी ओलांडली होती, ती पाण्याने भरत आली होती. मी माझ्या मुलीला खांद्यावर घेतले, मित्राने त्याच्या मुलीला. माझ्या मुलाचा हात आम्ही दोघांनी धरला. लाट आत आली की पाणी मांडीपर्यंत चढे, परतताना पायाखालची वाळू ओढून नेई. पंधरा-वीस पावलांचेच अंतर, पण ते संपता संपेना. मुलाची एक चप्पल गेली. वर आलो तेव्हा वहिनींनी मुलांना पोटाशी धरले, आणि माझ्याकडे कोणी काही बोलले नाही. ते न बोलणेच मला जास्त लागले. भरतीचा धडा शिकवणारा मास्तर भरतीची वेळ न विचारता लेकरांना समुद्रात घेऊन गेला होता.

ती बाई आबांजवळ बसली. तिने विचारले, "आज तिथ कोणती?"

आबा म्हणाले, "वद्य चतुर्थी."

"मग चवथीला तीन वाजता पुरी भरती. नवाच्या सुमाराला सुकती होती, तेव्हा यायचं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते."

आबांचे डोळे चमकले. ते चौथीपर्यंत शिकलेले. पण त्या काळच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. ते लगेच म्हणाले, "चार पाऊण तीन. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे उद्या पावणेचारला?" बाई म्हणाली, "बरोब्बर!"

श्रोतेहो, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि त्यात शास्त्र आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, म्हणून तीही रोज तेवढीच उशिरा येते. एका तिथीला पाऊण तास, तो याचाच ठोकताळा. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास जातात, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते मवाळ असते; त्याला भांग म्हणतात. वेळेत थोडा फरक पडतो, म्हणून स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्याजवळ जायचे नाही. पण ज्याला तिथी ठाऊक आहे, तो समुद्राला अगदीच परका नाही. त्या दिवसापासून आमच्या सहलीचे पुढारपण आबांकडे गेले. कोठे केव्हा जायचे, ते पंचांग पाहून तेच सांगत. मुले आता पंचांगाला हसत नव्हती.

तिसऱ्या प्रहरी बागमांडल्याहून गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने सावित्री नदीची खाडी ओलांडून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात गेलो. मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. परंतु अलीकडे ते ओळखले जाते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण हिवाळ्यात रात्रीच्या वेळी वाळूवर येते, हातभर खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. दीड-दोन महिने ऊन अंडी उबवते. गंमत अशी की वाळू अधिक ऊबदार असेल तर माद्या अधिक होतात, थंड असेल तर नर.

पूर्वी ही अंडी लोक उकरून नेत, खात, विकत, कोल्हे-कुत्रीही उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी जपून काढायची, किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीवर पुरायची, पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची. पुढे वनखाते आणि गावकरी या कामात आले. पिल्ले पाहायला पाहुणे येऊ लागले, ते गावातल्या घरांत उतरू लागले, आणि गावाला चार पैसे मिळू लागले. ज्या गावात अंडी विकली जात, तेच गाव अंड्यांवर पहारा करू लागले. नुसत्या उपदेशाने हे झाले नसते; राखणारालाही काही मिळाले, म्हणून झाले.

पंचमीच्या पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. राखणाऱ्या कासवमित्राने घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. एकाही टोपलीखाली पिल्लू नाही. मुले हिरमुसली. आबा म्हणाले, "पेरलं की दुसऱ्या दिवशी उगवतं का?" मग ओहोटीची वेळ साधून आम्ही वाळूवरून चाललो. बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढली होती. खाडीकाठी कांदळवन पाहिले. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून या झाडांची काही मुळे श्वासासाठी वर, आकाशाकडे वाढतात. मित्र ते पाहून म्हणाला, "आमच्या आल्यात दोन दिवस पाणी थांबलं तर कंद सडतो, आणि हे झाड खाऱ्या चिखलात उभं!" मुलीने शंख उचलला, तर त्यातून पाय बाहेर आले. एक खेकडा आत बिऱ्हाड करून राहिला होता. तिने तो जागच्या जागी ठेवला. संध्याकाळीही पिल्ले नाहीत.

षष्ठीच्या सकाळी निघायचे होते. गाडीत सामान भरून शेवटचे म्हणून किनाऱ्यावर गेलो. पहिली टोपली रिकामी, दुसरी रिकामी. तिसरी उचलली आणि वाळू हलली. तळहातात मावतील अशी काळसर अकरा पिल्ले! त्यांना पाण्यात टाकत नाहीत; थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि चालू देतात. क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखाने ती निघतात. म्हणूनच तेथे बॅटरी लावू देत नाहीत. एक पिल्लू मागे पडले. लाट येई, त्याला उलटे करून मागे फेकी, ते पुन्हा चालू लागे. चौथ्या लाटेने त्याला नेले. अशा पुष्कळ पिल्लांतले एखादेच मोठे होते. आबांनी हात जोडले. कोणाला जोडले, ते मी विचारले नाही.

परतताना मी मुलांना आणखी एक हकीकत सांगितली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासविणीला खुणेचा बिल्ला लावला होता. तीच कासवीण २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून निघून ती पश्चिमेच्या समुद्रात आली होती. मुलाने विचारले, "बाबा, मग आपल्या गावचं पाणी कोणत्या समुद्रात जातं?"

श्रोतेहो, हा प्रश्न तुम्हीही आपल्या मुलांना विचारा. आपल्या भागातले ओढे-नाले शेवटी गोदावरीला मिळतात. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला, पश्चिम समुद्राच्या जवळ, पण चौदाशे पासष्ट किलोमीटर वाहत जाऊन मिळते बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपला पाऊस बराचसा पश्चिमेच्या समुद्राकडून येतो आणि आपले पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते. आपल्या नाल्यात टाकलेली पातळ पिशवी पुरात वाहत निघाली, तर तिलाही हीच वाट आहे, आणि त्या वाटेच्या टोकाला कासवे आहेत. समुद्र लांब आहे खरा, पण तो टीव्हीत नाही. तो आपल्या ओढ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

शिक्षक मित्रांनो, जमल्यास एकदा मुलांना घेऊन जा. जाताना पंचांग न्या, स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका, आणि शंख-शिंपले तेथेच राहू द्या. जमत नसेल, तर वर्गात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढा, आणि पावसाळ्यात ओढ्यात कागदाची होडी सोडून ती कोठवर जाईल ते नकाशावर दाखवा. मी आता तसेच करतो. फळ्यावरचे ते दोन बाण काढताना मला मुलाची ती वाहून गेलेली चप्पल आठवते, आणि धडा जरा सावकाश शिकवला जातो.

घरी आल्यावर ओसरीवर शेजारी जमले. कोणी विचारले, "आबा, पाहिलं का पावसाचं घर?" आबा म्हणाले, "पाहिलं. घर लई मोठं आहे. पन दारं-खिडक्या सगळ्या सह्याद्रीनं धरल्यात. आपन आपली पागोळी जपावी, हे बरं."